बांध घालण्यापूर्वी

घरातील कर्ता पुरुष प्रभूच्या घरी जातो, महिन्याची मिस्सा होते, पाहुणेमंडळी आपापल्या गावी परततात, आणि मग काही दिवसांतच एक विषय पावलांचा आवाज न करता माजघरात शिरतो. तो विषय म्हणजे जमिनीची वाटणी. आरंभी त्याची कुजबुज असते, पुढे त्याचे बोलणे होते, आणि वेळीच शहाणपण सुचले नाही तर त्याच बोलण्याचे भांडण होऊन सख्खे भाऊ देवळात वेगवेगळ्या बाकांवर बसू लागतात. आमच्या बेळगाव, खानापूर, चिकोडी व निपाणी भागातील ख्रिस्ती कुटुंबांस हे चित्र अपरिचित नाही.

या भांडणांचा बारकाईने विचार केला असता आम्हांस असे दिसून येते की त्यांतील पुष्कळशी भांडणे लोभामुळे नव्हे, तर अज्ञानामुळे वाढतात. कायद्याने कोणाचा वाटा किती, जमीन कोणी व कशी मोजावयाची, आणि तिचे तुकडे पाडण्यास कोणत्या कचेरीची मंजुरी लागते, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. आपण ते एकत्र कालवतो आणि मग एकाचेही उत्तर हाती लागत नाही. म्हणून या लेखात ते एकेक करून वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

मुलूख आणि दप्तर

आज आपल्या उताऱ्यावर जो सर्व्हे नंबर दिसतो, त्याचा उगम इंग्रजी अमदानीत आहे. गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातून मोजणीची जी पद्धत सुरू केली, ती १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्की झाली व मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झाली. मोजणीची साखळी ३३ फुटांची असे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, अर्थात् १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. गुंठ्याचे सोळा आणे. हे कोष्टक आपल्या वाडवडिलांस पाठ असे. आज अनेक तरुणांस ते ठाऊक नसते आणि म्हणून दलालाने सांगितलेला आकडा त्यांस निमूटपणे मानावा लागतो.

बेळगावचा धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला, तेव्हा हा मुलूख मुंबई राज्यात होता. जमिनीस मुंबईचा १८७९ चा महसूल कायदा लागू होता, आणि शेताचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली झालेला तुकडेबंदीचा कायदाही येथे चालत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सीमाप्रश्न अद्याप सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा तेथे चालू आहे. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने व्यवहाराची गोष्ट ही की, आजमितीस आपल्या जमिनीस कर्नाटकाचा १९६४ चा भूमहसूल कायदा लागू आहे. कर्नाटकाने १९६६ साली स्वतःचा तुकडेबंदी कायदा केला होता, पण तो पुढे रद्द झाला. त्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यातील नातलगांचा अनुभव आपल्या शेतास जसाच्या तसा लावता येत नाही. नदीपलीकडचा नियम निराळा आणि अलीकडचा निराळा.

याचा आणखी एक परिणाम असा की, एकाच घराच्या ट्रंकेत तीन काळांचे कागद सापडतात. पणजोबांच्या नावचे मोडीतील खरेदीखत, आजोबांच्या काळचा मराठी उतारा, आणि आजचा कानडी उतारा. सन २००० च्या सुमारास 'भूमी' योजनेखाली उतारे संगणकावर चढविण्यात आले व हातलिखित उताऱ्यांची मान्यता संपली. जुने कागद मात्र निरुपयोगी झालेले नाहीत. नावात वा क्षेत्रात तफावत निघाली तर पुरावा त्यांतच असतो. म्हणून ते वाळवीपासून जपावेत, मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावेत, आणि कानडी कागदावर सही करण्यापूर्वी तो विश्वासू माणसाकडून मराठीत समजावून घ्यावा. न समजलेल्या कागदावर अंगठा उठविणे म्हणजे डोळे मिटून विहिरीचा काठ चालणे होय.

वाटा कोणाचा, किती?

पहिला प्रश्न वारशाचा. येथे आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. शेजारच्या हिंदू कुटुंबात जो नियम चालतो तोच आपल्यासही लागू आहे असे अनेक जण समजतात. तसे नाही. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या मालमत्तेची वाटणी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे होते. मूळच्या गोवेकर कुटुंबांच्या बाबतीत पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून आलेले निराळे नियम लागू होऊ शकतात. त्यांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा.

१९२५ च्या कायद्याप्रमाणे मृताची पत्नी व मुले हयात असतील तर पत्नीस एक तृतीयांश वाटा मिळतो. उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांत समसमान वाटले जातात. मुलगा व मुलगी असा भेद कायदा करीत नाही. उदाहरणार्थ, तीन एकर जमीन ठेवून एक गृहस्थ वारले, मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत, असे समजू. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. त्यांपैकी आईचे ४० गुंठे, आणि उरलेल्या ८० गुंठ्यांत प्रत्येक मुलाचे व प्रत्येक मुलीचे २० गुंठे. एखादा मुलगा वा मुलगी बापाआधी वारली असेल तर तिचा वाटा तिच्या लेकरांस मिळतो.

"पण बहिणीच्या लग्नात आम्ही एवढा खर्च केला, तो वजा नको का?" असा प्रश्न हमखास निघतो. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. त्याच कायद्याच्या ४९ व्या कलमाप्रमाणे बापाने हयातीत एखाद्या अपत्याच्या उत्कर्षासाठी जे दिले, ते वाटणीच्या वेळी हिशेबात धरले जात नाही. मुलीचे लग्न वजा होत नाही, तसेच थोरल्याचे शिक्षणही वजा होत नाही. दोघांस एकच माप.

हे वाचून काही भावांच्या कपाळी आठ्या पडतील हे आम्ही जाणतो. त्यांनी पवित्र शास्त्रातील गणना या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढून पाहावा. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशे व सर्व पुढाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि आपल्या बापाचा वाटा त्यांनी मागितला. त्यांस भाऊ नव्हता. मोशेने त्यांचे गाऱ्हाणे परमेश्वरापुढे ठेविले, आणि त्या मुलींचे म्हणणे रास्त असल्याचा निर्वाळा मिळाला. आपल्या देशात केरळातील श्रीमती मेरी रॉय यांनी त्रावणकोरच्या जुन्या ख्रिस्ती वारसा कायद्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील ख्रिस्ती मुलींसही १९२५ चाच कायदा लागू असल्याचा निकाल दिला. आपल्या भागातील मुलींस हा हक्क आधीपासूनच होता. वापरण्याचे धैर्य मात्र क्वचितच होते.

बहिणीने आपण होऊन, सर्व समजून, भावासाठी हक्क सोडला तर ती तिची उदारता आहे, आणि देव तिला तिचे फळ देईल. परंतु हक्कसोड पत्र रजिस्टर करावे लागते, आणि त्यावर सही करणाऱ्या बहिणीस आपण काय सोडीत आहोत हे ठाऊक असले पाहिजे. "एक सही कर, चहा ठेवला आहे," असे म्हणून घेतलेली सही कायद्याने टिकेल की नाही हे न्यायालय ठरवील. सद्सद्विवेकबुद्धीपुढे ती टिकत नाही.

आणखी एक गोष्ट. बापाआधी मुलगा वारला व त्याला मूल नसले, तर त्याच्या विधवेस सासऱ्याच्या मालमत्तेत या कायद्याने वाटा मिळत नाही. तिने त्या घरी वीस वर्षे राबलेले असो, कायदा तेथे मुका आहे. अशा सुनेची सोय करावयाची तर सासऱ्याने हयातीतच मृत्युपत्र करावे. मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागतात. रजिस्टर करणे सक्तीचे नाही, पण केलेले बरे. मृत्युपत्र केल्याने मरण जवळ येते ही समजूत ख्रिस्ती माणसास शोभणारी नाही.

शेताचे तुकडे पाडताना

वाटा ठरला. आता दुसरा प्रश्न, तो कागदावर व मातीत कसा उतरावयाचा?

पहिली पायरी वारसाच्या नोंदीची. मृत्यूचा दाखला व वंशावळ जोडून अर्ज करावा, म्हणजे चावडीवर नोटीस लागते, हरकतीसाठी मुदत दिली जाते, आणि हरकत नसल्यास फेरफार मंजूर होऊन सर्व वारसांची नावे उताऱ्यावर येतात. वंशावळीत एकही नाव गाळू नये. मुंबईस नोकरीला असलेला भाऊ, गोव्यात दिलेली बहीण, मठात गेलेली मुलगी, सर्वांची नावे घालावीत. गाळलेले नाव दहा वर्षांनी वकिलाच्या नोटिशीतून परत येते.

दुसरी पायरी मोजणीची. आपसांत दोरी धरून बांध घालणे हे शेत कसण्यापुरते ठीक, पण सर्व्हे नंबराचा एक भाग नोंदणीकृत दस्ताने वेगळा करावयाचा तर कर्नाटकात आधी 'अकरा-ई' या नावाने ओळखला जाणारा नकाशा लागतो. त्यासाठी अर्ज करून फी भरावी लागते. मग परवानाधारक मोजणीदार शेतावर येतो, लगतच्या कब्जेदारांस नोटीस जाते, आणि प्रत्येक हिश्शाची हद्द व क्षेत्र दाखविणारा नकाशा तालुक्याच्या भूमापन कचेरीतून मंजूर होतो. मोजणीच्या दिवशी सर्व वाटेकऱ्यांनी हजर राहावे. त्या दिवशी गैरहजर राहून मागाहून तक्रार करणाऱ्याची बाजू लंगडी पडते.

तिसरी पायरी वाटणीपत्राची. मंजूर नकाशा जोडून ते सब-रजिस्ट्रार कचेरीत नोंदवावे. त्यानंतर पुन्हा फेरफार होतो, प्रत्येकास हिस्सा नंबर मिळतो व स्वतंत्र उतारा निघतो. कोणी हरकत घेतली तर महसूल अधिकारी सुनावणी करतात, आणि त्यांचा निर्णय मान्य नसल्यास प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

या वेळी चार गोष्टी न विसरता पाहाव्यात. उताऱ्यावर इतर हक्क व बोजाच्या रकान्यात सोसायटीचे वा बँकेचे कर्ज आहे काय? ते असल्यास आधी फेडावे, किंवा कोणी फेडावयाचे हे लेखी ठरवावे. पोटखराब किती आहे? तो एकाच्याच पदरी पडू नये. विहीर व बोअरचे पाणी कोणी कोणत्या वारी घ्यावयाचे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मागल्या हिश्शास बैलगाडी व ट्रॅक्टर जाईल अशी वाट नकाशात दाखविली आहे काय? रस्त्याकडेचा तुकडा एकाने घेतला व मागच्यास वाट ठेवली नाही, तर तो वाटा वाटा नव्हे. भाऊ हयात आहेत तोवर तोंडी वाट चालते. त्यांची मुले तेथे कुंपण घालतात.

उताऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी निर्विवाद सिद्ध झाली असेही समजू नये. ऑस्ट्रेलियात १८५८ साली टॉरेन्स यांच्या कायद्याने सरकारी नोंदवही हाच मालकीचा पुरावा ठरला. आपल्याकडे तसे नाही. उताऱ्यावरील नोंद खरी असे गृहीत धरले जाते, पण विरुद्ध पुरावा आल्यास ती खोटी ठरू शकते. म्हणून मूळ दस्त जपावयाचे.

घरांसाठी भूखंड

तिसरा प्रश्न मंजुरीचा. पुणे-बंगळूर महामार्ग, निपाणीची वाढती वस्ती, हलग्याजवळ २०१२ साली उभे राहिलेले सुवर्ण विधानसौध, या सर्वांमुळे शेताचे भूखंड पाडण्याचा मोह वाढला आहे. तंबाखू वा उसाच्या पिकात जे वर्षानुवर्षांत मिळत नाही, ते चार भूखंड विकून एका दिवसात मिळते. मोह समजण्यासारखा आहे, पण येथेच सर्वांत अधिक कुटुंबे फसतात.

शेतजमिनीवर घरे बांधावयाची तर प्रथम ती बिनशेती, म्हणजे आपण ज्यास एन.ए. म्हणतो ती, करून घ्यावी लागते. १९६४ च्या कायद्याच्या ९५ व्या कलमाखाली ही परवानगी जिल्हाधिकारी देतात. परवानगीवाचून वापर बदलल्यास दंड होतो व जमीन पूर्ववत् करण्याचा आदेशही निघू शकतो.

एवढ्याने काम भागत नाही. एन.ए. झाली म्हणजे भूखंड पाडण्यास मोकळीक मिळाली, असे अनेकांस वाटते. ती मंजुरी वेगळी आहे. १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नियोजन क्षेत्रात भूखंडाचे विभाजन करण्यापूर्वी वा खाजगी रस्ता आखण्यापूर्वी आराखडा सादर करून नियोजन प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते. बेळगाव शहर व लगतच्या गावांसाठी हे काम नगरविकास प्राधिकरण, म्हणजे ज्यास आपण 'बुडा' म्हणतो ते, पाहते. नियोजन क्षेत्राबाहेरील गावी ग्रामपंचायतीकडे जावे लागते, आणि पंचायतीसही नियोजन खात्याची तांत्रिक संमती घ्यावी लागते. केवळ पंचायतीच्या एखाद्या सभासदाने "मी बघून घेतो" म्हटल्याने मंजुरी होत नाही.

ही कचेरी काय पाहते? रस्ते पुरेसे रुंद आहेत काय, पावसाचे पाणी कोठे जाईल, नाल्यावर भूखंड तर पाडलेले नाहीत ना, बाग व सार्वजनिक सोयींसाठी जागा सोडली आहे काय. ही जागा व रस्ते स्थानिक संस्थेच्या स्वाधीन करावे लागतात. त्यामुळे एक एकर म्हणजे ४० गुंठे असले तरी ४० गुंठ्यांचे भूखंड कधीच होत नाहीत. भावांनी आपसांत हिशेब करताना हे आधी ध्यानी घ्यावे. सोडलेली जागा वाया गेली असे पुष्कळांस वाटते. पण ज्या वस्तीत रस्ता नऊ फुटांचा आहे व गटार नाही, तेथे आजाऱ्यास नेणारी गाडी दारापर्यंत येत नाही आणि शवपेटीही वाकडीतिकडी करून बाहेर काढावी लागते, हे आपण पाहतोच.

मंजूर आराखड्यानंतर खेड्यात प्रत्येक भूखंडास नमुना नऊ व नमुना अकरा-अ हे उतारे निघतात. ते २०१३ पासून 'ई-स्वत्तु' या संगणक व्यवस्थेतून दिले जातात. मंजुरी नसलेल्या जागेचा उतारा अकरा-ब या निराळ्या नमुन्यात येतो. घर घेणाऱ्याने हा फरक जरूर पाहावा. एका अक्षराचा हा फरक बँकेच्या कर्जाच्या वेळी फार मोठा ठरतो.

बॉण्डवरचा गुंठा

मंजुरीची खटपट टाळण्यासाठी आपल्या भागात एक घातक रीत पडली आहे. शेताचे एक-एक, दोन-दोन गुंठे साध्या बॉण्डवर लिहून देऊन पैसे घेतले जातात. घेणारा बहुधा गरीब असतो. कारखान्यात वा विडीच्या धंद्यात घाम गाळून जमविलेली पुंजी तो त्या कागदावर ठेवतो. परंतु शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खताशिवाय पूर्ण होत नाही, आणि केवळ करारपत्र व मुखत्यारपत्र यांच्या आधारे मालकी मिळत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. विकणारा वारला की त्याचे वारस तोच गुंठा दुसऱ्यास विकू शकतात. मग घर बांधून बसलेल्या माणसाच्या हाती काय उरते? एक पिवळा पडलेला कागद.

म्हणून घेणाऱ्याने उतारा, एन.ए.चा आदेश, मंजूर आराखडा व बोजाचा दाखला या चार वस्तू पाहिल्यावाचून विसार देऊ नये. आणि विकणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यास आमचे सांगणे असे की, घेणाऱ्यास कायदेशीर मालकी मिळणार नाही हे ठाऊक असताना त्याचे पैसे घेणे हे सातव्या आज्ञेच्या विरुद्ध आहे. "सगळेच तसे करतात" हे उत्तर पापनिवेदनात उपयोगी पडत नाही.

सलोख्याचा बांध

कागद, नकाशे, मंजुऱ्या हे सारे आवश्यक आहे. पण ते सर्व करूनही घर फुटू शकते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपले वडील म्हणत, त्यात मोठा अर्थ आहे. वाटणीचा दावा वर्षानुवर्षे चालतो, आणि न्यायालयाने हिस्से ठरविल्यावरही सारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष फाळणी दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे महसूल अधिकाऱ्यांकडेच येते. ज्या मोजणीदारास पहिल्या वर्षी बोलावता आले असते, त्यालाच पंधरा वर्षांनी बोलवावयाचे, आणि मधल्या काळात अर्धे शेत वकिलाच्या फीत घालवावयाचे!

गर्दीतल्या एका माणसाने प्रभू येशूस विनविले होते की, माझ्या भावाला वाटणी करावयास सांगा. प्रभूने वाटणी करणारा होण्याचे नाकारिले, आणि लोभापासून जपण्याची ताकीद देऊन कोठारे वाढविणाऱ्या धनवानाचा दाखला सांगितला. वाटणी करूच नये असे त्याने म्हटले नाही. वाटणीपूर्वी मन तपासावे, एवढाच त्याचा रोख होता. त्याउलट अब्रामाची गोष्ट पाहा. गुराख्यांत तंटे होऊ लागले, तेव्हा वडीलकीचा मान असूनही त्याने पुतण्या लोट यास आधी निवड करू दिली. लोटाने पाणथळ, हिरवा प्रदेश घेतला. अब्रामास उरलेला मिळाला, आणि देवाचे वचनही त्यालाच मिळाले.

यातून घेण्याजोगी एक व्यावहारिक रीत आम्ही सुचवितो. थोरल्याने वाटे पाडावेत आणि धाकट्याने अथवा बहिणीने आधी उचलावे. वाटे पाडणाऱ्यास आपल्या पदरी कोणता येईल हे ठाऊक नसले म्हणजे ते आपोआप सारखे पडतात. आई हयात असेल तर तिचा तृतीयांश तिच्या हाती राहू द्यावा. तो तिच्या म्हातारपणाचा आधार आहे. बोलणे निघाले की पंधरा दिवसांत उतारे काढावेत, महिन्याभरात मोजणीचा अर्ज द्यावा. नियम व फी वरचेवर बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी कचेरीत जाऊन स्वतः विचारावे, दलालाच्या तोंडून ऐकू नये. धर्मगुरूंस मध्यस्थीस बोलवावयाचे तर भांडणापूर्वी बोलवावे, डोकी फुटल्यावर नव्हे.

शेजाऱ्याच्या हद्दीचा दगड सरकवू नये, अशी आज्ञा जुन्या करारात आहे. आपल्याकडे तो शेजारी बहुधा सख्खा भाऊच असतो. मोजणीदार जो दगड रोवील त्यास दोघांनी मिळून चुना लावावा आणि त्याच बांधावर बसून भाकरी खावी. तशी वाटणी झाली तर पुढच्या रविवारी सारे कुटुंब पूर्वीप्रमाणे एकाच बाकावर बसेल, आणि गेलेल्या वडिलांच्या आत्म्यास याहून मोठी शांती मुलांनी ती काय द्यावयाची?